आर्चबिशप रोमेरो यांचे घर, वेदी आणि कबर : सान साल्वादोरमधील स्मारकभेटीचे परीक्षण

एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील चिमुकल्या देशाच्या राजधानीत आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्याशी निगडित तीन ठिकाणे पाहुण्यांना पाहता येतात. पहिले म्हणजे ‘दिव्हिना प्रोव्हिदेन्सिया’ हे कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील गरीब रुग्णांचे इस्पितळ, जिथे ते राहत होते आणि जिथल्या चॅपेलमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) अर्पण करत असताना 24 मार्च 1980 रोजी त्यांची हत्या झाली. दुसरे म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या ‘ऊका’ विद्यापीठातील रोमेरो केंद्र, आणि तिसरे शहराच्या जुन्या भागातील कॅथेड्रलचे तळघर, जिथे त्यांची कबर आहे. आम्ही ग्वाटेमालाहून रस्त्याने सान साल्वादोरला गेलो आणि ही तिन्ही ठिकाणे सवडीने पाहिली. संताच्या वस्तू कशा जपाव्यात याचा विचार केला, तर इथली व्यवस्था फार चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु सरकारला जाब विचारणारा आर्चबिशप प्रत्यक्षात काम कसे करत होता, माहिती कुठून आणत होता, ती पडताळत कशी होता आणि लोकांपर्यंत पोहोचवत कशी होता, हे जाणून घ्यायला जो जाईल, त्याच्या पदरी या तीन ठिकाणी फारच असमान माप पडते, आणि या परीक्षणात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

इस्पितळ मिरामोन्ते नावाच्या शांत वस्तीत आहे. फाटकातून आत गेल्यावर उजव्या-डाव्या हाताला बाग, पलीकडे रुग्णांचे कक्ष आणि त्यांच्याच आवारात आर्चबिशपांचे तीन लहान खोल्यांचे घर, अशी साधी मांडणी आहे. 22 फेब्रुवारी 1977 रोजी सूत्रे हाती घेतल्यावर रोमेरो यांनी आर्चबिशपांना साजेशा निवासस्थानात राहायचे नाकारले आणि सुरुवातीला ते चॅपेलच्या वेदीमागच्या खोलीत झोपत असत. पुढे इथल्या कार्मेलाइट सिस्टर्सनी त्यांच्यासाठी हे घर बांधले आणि 15 ऑगस्ट 1977 रोजी, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, त्यांना ते भेट दिले. आज तेच संग्रहालय झाले आहे. अरुंद लोखंडी पलंग, लिहिण्याचे टेबल, टाइपरायटर, पुस्तकांचे कपाट आणि रोजची दैनंदिनी ज्यावर ते बोलून ठेवत असत तो टेपरेकॉर्डर, या सर्व वस्तू जागच्या जागी आहेत. मार्च 1978 च्या अखेरीपासून हत्येच्या चार दिवस आधीपर्यंतची ती ध्वनिमुद्रित दैनंदिनी आता छापील स्वरूपात उपलब्ध आहे. रात्री दमून आल्यावर, या खोलीत, एकट्याने यंत्रासमोर बसून बोलणारा माणूस डोळ्यांसमोर आणण्याचे काम हा टेपरेकॉर्डर कोणत्याही फलकापेक्षा अधिक चांगले करतो.

काचेच्या कपाटात ठेवलेली रक्ताने माखलेली वस्त्रे हे बहुतेक पाहुण्यांचे मुख्य आकर्षण असते. मिस्साचा झगा आणि आतला पांढरा पायघोळ अंगरखा (अल्ब) दोन्ही तिथे आहेत, आणि गोळीचे छिद्र इतके लहान आहे की सिस्टरने बोट दाखवल्याशिवाय ते चटकन दिसत नाही. गोळी .22 कॅलिबरची होती आणि ती एकच होती. बाजूला हत्येनंतरच्या काही क्षणांची छायाचित्रे आहेत, त्यांत जमिनीवर कोसळलेल्या आर्चबिशपांभोवती वाकलेल्या सिस्टर्स दिसतात. बागेत एका स्मारकाखाली त्यांचे आतडे-काळीज पुरलेले आहे आणि काही वर्षांनी उकरले तेव्हा ते जसेच्या तसे निघाले, अशी हकिकत भक्तिभावाने सांगितली जाते. भाविकांसाठी ती महत्त्वाची असेल. आम्हाला मात्र त्या हकिकतीवर गेलेला वेळ टेबलावरच्या कागदांवर गेला असता तर अधिक आवडले असते.

चॅपेल घरापासून अगदी जवळ आहे आणि आजही तिथे रोजची उपासना होते, त्यामुळे ते संग्रहालय वाटत नाही, याचा फायदाच होतो. वेदीच्या मागच्या भिंतीवर, या वेदीपाशी मोन्सेन्योर रोमेरो यांनी आपल्या लोकांसाठी देवाला जीवन अर्पण केले, अशा आशयाचा लेख आहे. वेदीपाशी उभे राहून समोर पाहिले की मधली वाट थेट मुख्य दारापर्यंत जाते आणि दाराबाहेर रस्त्याकडचा भाग दिसतो. मारेकऱ्याची लाल फोक्सवॅगन गाडी बाहेर त्या दारासमोर येऊन थांबली होती. एका वृत्तपत्राच्या संपादकांच्या आईच्या वर्षश्राद्धाची ती मिस्सा होती, वेळ संध्याकाळी साडेसहाच्या आसपासची होती, आणि गव्हाचा दाणा मातीत पडून मेल्याशिवाय पीक देत नाही या योहानाच्या शुभवर्तमानातील उताऱ्यावर आर्चबिशपांनी नुकतेच प्रवचन संपवले होते. या मिस्साची जाहिरात वर्तमानपत्रांत वेळ आणि ठिकाणासह छापून आली होती, ही गोष्ट आमच्याबरोबरच्या गटातील बहुतेकांना ठाऊक नव्हती आणि ती सांगितलीही गेली नाही. खरे तर वेदी ते दार हे अंतर डोळ्यांनी मोजल्यावर पाहुण्याच्या मनात सर्वांत आधी तोच प्रश्न येतो, की मारेकऱ्याला इतके नेमके कसे कळले.

या वास्तूची खरी उणीव इथूनच सुरू होते. रोमेरो कसे राहत होते आणि कसे मेले, हे घर सांगते. मधल्या तीन वर्षांत त्यांनी काय केले, हे ते फार थोडे सांगते. भिंतीवर त्यांची वचने आहेत, जगभरातून आलेले मानपत्रांचे फलक आहेत, संतपदाच्या सोहळ्याची छायाचित्रे आहेत. परंतु ही वचने ज्या कामातून आली, ते काम भिंतीवर कुठेच नाही, आणि ते काम बरेचसे कारकुनी होते, असे म्हटले तर त्यात रोमेरो यांचा अवमान नाही.

12 मार्च 1977 रोजी, म्हणजे त्यांनी सूत्रे हाती घेतल्याला तीन आठवडेही झाले नसताना, फादर रुटिलियो ग्रान्दे यांना अगिलारेस ते एल पायस्नाल या रस्त्यावर गोळ्या घालून ठार करण्यात आले आणि त्यांच्यासोबत 72 वर्षांचे मानुएल सोलोर्सानो व 16 वर्षांचा नेल्सन लेमुस हेही मारले गेले. रोमेरो तोवर सनातनी वृत्तीचे, पुस्तकांत रमणारे आणि सत्ताधाऱ्यांना न दुखावणारे समजले जात होते, किंबहुना त्याच अपेक्षेने त्यांच्या नेमणुकीचे श्रीमंत घराण्यांनी स्वागत केले होते. त्यांनी पुढच्या रविवारी संपूर्ण धर्मप्रांतात (आर्चबिशपांच्या अखत्यारीतील भागात) एकच मिस्सा, तीही कॅथेड्रलसमोर, असा निर्णय घेतला. या हत्यांचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही असे जाहीर केले, आणि 1 जुलै 1977 रोजी जनरल कार्लोस उंबेर्तो रोमेरो यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीला ते खरोखरच गेले नाहीत. (आडनाव सारखे असले तरी दोघांत नाते नव्हते.) चर्चचा प्रमुख शपथविधीला हजर नाही, याचा त्या देशात, त्या काळात केवढा गाजावाजा झाला असेल, याची कल्पना घरातील कोणत्याही फलकावरून येत नाही.

त्याच काळात ‘सोकोर्रो हुरिदिको’ हे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारे कार्यालय त्यांनी धर्मप्रांताच्या छत्राखाली घेतले. रोबेर्तो कुएयार आणि त्यांचे तरुण वकील सहकारी तिथे अटक झालेल्यांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या आईवडिलांच्या, बायकांच्या तक्रारी लिहून घेत, तारखा आणि ठिकाणे पडताळत आणि न्यायालयात अर्ज करत. आठवड्याच्या अखेरीस आर्चबिशप आपल्या सहकाऱ्यांबरोबर बसून ही माहिती तपासत, आणि रविवारच्या प्रवचनात बायबलच्या वाचनांवरील विवेचन व धर्मप्रांताच्या बातम्या झाल्या की आठवड्यातील घटनांचा भाग येई, त्यात कोण मारला गेला, कुठे मारला गेला, कोणाला कोणी उचलून नेले, हे नावासह वाचले जाई. धर्मप्रांताचे ‘वाय-एस-ए-एक्स’ हे रेडिओ केंद्र ते थेट प्रक्षेपित करी. वृत्तपत्रे मालकांच्या आणि सरकारच्या धाकात असताना, आपल्या मुलाचे नाव मोठ्याने, जाहीरपणे, कोणीतरी खरे मानून उच्चारले, हे ऐकण्याची त्या देशातील शेतमजुरांना असलेली बहुधा ती एकमेव जागा होती. म्हणूनच त्या केंद्रावर पुन्हा पुन्हा बाँबहल्ले झाले. 17 फेब्रुवारी 1980 रोजी रोमेरो यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना लष्करी मदत थांबवण्याची विनंती करणारे पत्र प्रवचनातच वाचून दाखवले, आणि त्यानंतर लगेच केंद्राचे प्रक्षेपणयंत्र उडवण्यात आले.

ते फक्त एका बाजूला बोलत होते, असा समज घेऊन येणारे पाहुणेही आम्हाला भेटले, आणि तो समज दूर करायला घरात काही साधन नाही. 15 ऑक्टोबर 1979 च्या लष्करी उठावानंतर सुधारणांचे आश्वासन देणाऱ्या जुंटाला (उठावानंतरच्या सत्तामंडळाला) त्यांनी काही काळ संधी दिली, त्यावरून डाव्या संघटनांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. ऑगस्ट 1979 मध्ये भाविकांना लिहिलेल्या चौथ्या जाहीर पत्रात त्यांनी संपत्तीच्या आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या मूर्तिपूजेबरोबरच संघटनेच्या मूर्तिपूजेवरही बोट ठेवले होते, म्हणजे जनतेसाठी काढलेली संघटना जनतेपेक्षा मोठी मानली जाऊ लागली तर तीही मूर्तीच होते, असे त्यांचे म्हणणे होते. राजकीय नीतिमत्तेविषयी त्यांनी लिहिलेल्या मजकुरात हा भाग आम्हाला सर्वांत टिकाऊ वाटतो, आणि तो एका फलकावर सहज मावण्यासारखा आहे.

ऊका विद्यापीठातील केंद्र ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. 16 नोव्हेंबर 1989 रोजी लष्कराच्या अत्लाकात्ल तुकडीने सहा जेझुइट फादर, त्यांच्या वसतिगृहात काम करणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची मुलगी सेलिना यांना इथेच ठार केले. विद्यापीठाचे प्रमुख इग्नासियो एयाकुरिया त्यांच्यात होते. संग्रहालय या आठ जणांचे आहे, परंतु त्यात रोमेरो आणि रुटिलियो ग्रान्दे यांच्याही वस्तू आहेत, आणि मुख्य म्हणजे घटनांचा क्रम आणि कार्यकारणभाव इथे नीट मांडला आहे. जमिनीची मालकी मूठभर घराण्यांकडे, निवडणुकांत उघड गैरव्यवहार, त्यातून आलेल्या शेतमजुरांच्या संघटना आणि त्यांच्यावरील दडपशाही, हा धागा समजल्याशिवाय आर्चबिशपांचे बोलणे हवेतले वाटते. आमच्या गटाला वाट दाखवणारी विद्यार्थिनी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत बोलत होती आणि अडचणीच्या प्रश्नांना बगल देत नव्हती. सैनिकांनी त्या रात्री रोमेरो यांच्या भिंतीवरील चित्रालाही गोळी घातली होती. छातीच्या जागी भोक पडलेले ते चित्र तसेच ठेवले आहे, आणि नऊ वर्षांपूर्वी मारलेल्या माणसाला पुन्हा मारावेसे वाटणे म्हणजे काय, हे पाहणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एक सूचना मात्र आवर्जून द्यायला हवी. टेबलावर ठेवलेल्या आल्बममध्ये मृतदेहांची, अत्यंत जवळून काढलेली छायाचित्रे आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते आधी स्वतः पाहावेत. विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये मागच्या भिंतीवर लावलेली क्रूसाच्या वाटेची (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची) रेखाचित्रेही छळ झालेल्या देहांचीच आहेत. बाहेर, जिथे फादरांचे देह सापडले तिथे, एल्बा यांचे पती ओब्दुलिओ यांनी लावलेली गुलाबबाग आहे.

कॅथेड्रलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दर्शनी भागावर फेर्नान्दो योर्त या चित्रकाराने केलेले रंगीत फरशांचे मोठे चित्र 2011 च्या अखेरीस धर्मप्रांताने कोणालाही न विचारता काढून टाकले, त्यामुळे आता समोर पांढरी भिंत आहे. तळघरात इटालियन शिल्पकार पाओलो बोर्गी यांनी घडवलेली ब्राँझची कबर आहे, चारही कोपऱ्यांवर चार शुभवर्तमानकार (बायबलमधील येशूचरित्रांचे लेखक) चादर धरून उभे आहेत आणि आर्चबिशपांच्या हृदयाच्या जागी लाल दगडाचा गोळा बसवला आहे. शिल्प म्हणून ते सुंदर आहे. वरच्या चौकात 30 मार्च 1980 रोजी त्यांच्या अंत्यविधीला जमलेल्या प्रचंड गर्दीवर बाँब आणि गोळ्या पडून कित्येक माणसे मेली, याची नोंद तिथे ठळकपणे असायला हवी होती.

याच ठिकाणी वाचकाच्या मनात न्यायाचे पुढे काय झाले हा प्रश्न येणार. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने मार्च 1993 मध्ये, हत्येचा आदेश माजी मेजर रोबेर्तो दोबुइसोन यांनी दिला असा निष्कर्ष जाहीर केला, आणि त्यानंतर आठवडाभरात संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा संमत केला. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2016 मध्ये रद्द ठरवला. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमेरो यांना संतपद दिले, पण हत्येबद्दल एल साल्वादोरच्या न्यायालयात एकालाही शिक्षा झालेली नाही. तिन्ही ठिकाणी संतपदाची माहिती भरपूर आहे आणि खटल्याची त्रोटक आहे. आर्चबिशपांच्या मृत्यूनंतर 1982 मध्ये सुरू झालेले ‘तुतेला लेगाल’ हे धर्मप्रांताचे मानवी हक्क कार्यालय, ज्याने बारा वर्षांच्या यादवीतील हत्याकांडांच्या हजारो फायली जमवल्या, ते धर्मप्रांतानेच 2013 मध्ये एकाएकी बंद केले. रोमेरो यांच्या कामाचा थेट वारसा त्या फायलींत आहे, वस्त्रांत नाही, आणि त्यांचे एखादे कपाट जरी पाहुण्यांसाठी मांडले असते तर इस्पितळातील घराबद्दलची आमची तक्रार बरीच कमी झाली असती.

जाण्यापूर्वी एक गोष्ट घरबसल्या करण्यासारखी आहे, आणि ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी तर ती नक्कीच करावी. लंडनमधील रोमेरो ट्रस्ट या संस्थेने त्यांची प्रवचने स्पॅनिश मूळ आणि इंग्रजी अनुवाद अशा दोन्ही स्वरूपांत संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, आणि अनेकांची ध्वनिमुद्रणेही आहेत. सगळे जण 23 मार्च 1980 चे शेवटचे रविवारचे प्रवचन ऐकतात, ज्यात त्यांनी सैनिकांना उद्देशून, देवाच्या नावाने विनवतो, आज्ञा करतो, दडपशाही थांबवा, असे सांगितले. ते ऐकायलाच हवे, टाळ्यांचा कडकडाट त्यात स्पष्ट ऐकू येतो. परंतु त्याबरोबर एखादे साधे, न गाजलेले प्रवचनही ऐकावे. तास-दीड तासाच्या त्या बोलण्यात बराच वेळ बायबलचे संथ विवेचन असते, मग कोणत्या गावात सण आहे, कोणत्या फादरांची बदली झाली, असल्या गोष्टी येतात, आणि नंतर त्याच आवाजात, त्याच गतीने, मेलेल्यांची नावे सुरू होतात. आवाज चढत नाही. स्पॅनिश येत नसले तरी इंग्रजी अनुवाद समोर ठेवून हे ऐकता येते. अनुवाद नेटका आहे, फक्त स्थानिक संघटनांची आद्याक्षरे न उलगडता येतात, तेव्हा थोडे अडखळायला होते.

आता व्यवहाराचे. आम्हाला कोठेही तिकीट घ्यावे लागले नाही, तरी इस्पितळात देणगी देणे योग्य ठरेल, कारण ते आजही रुग्णांचेच इस्पितळ आहे, आणि त्याच कारणाने तिथे मोठ्याने बोलणे व कक्षांच्या दिशेने छायाचित्रे काढणे टाळावे. चलन अमेरिकी डॉलर आहे, सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. इस्पितळातील सिस्टर्स स्पॅनिशमध्येच सांगतात, त्यामुळे भाषा येणारे कोणी सोबत नसेल तर आधी ऊकाला जाऊन पार्श्वभूमी समजून घ्यावी आणि मग घर पाहावे. आमचा क्रम उलटा झाला आणि त्यामुळे दुसऱ्या दिवशी घर पुन्हा पाहावे लागले. तिथल्या सरकारने मार्च 2022 पासून आणीबाणी लागू केली असून हजारो लोक खटल्याविना तुरुंगात आहेत. रस्ते पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले आहेत हेही खरे आहे, आणि या दोन्हींबद्दल ऊकातील लोक मोकळेपणाने बोलतात, मात्र टॅक्सीत किंवा खाणावळीत आपण होऊन हा विषय काढू नये.

विमानाने जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनी आणखी एक चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करायला हवी. ऑक्टोबर 2023 मध्ये एल साल्वादोरने भारताच्या आणि आफ्रिकेतील अनेक देशांच्या पासपोर्टवर येणाऱ्या प्रवाशांना विमानतळ सुधारणेच्या नावाखाली 1000 डॉलरचे शुल्क, वर कर, असा नियम लागू केला. अमेरिकेकडे जाणारे स्थलांतरित रोखण्यासाठी तो केल्याचे त्या वेळच्या बातम्यांत म्हटले होते. हा विमानतळ 2014 पासून संत रोमेरो यांच्या नावाने ओळखला जातो. कराच्या, सवलतीच्या किंवा मुदतीच्या ताज्या अटी विमान कंपनीकडून लेखी मागून घ्याव्यात, आणि ग्वाटेमालाचा व्हिसा मिळत असेल तर बसचा रस्ता विचारात घ्यावा, तो पाचसहा तासांचा असून सीमेवर फारसा खोळंबा झाला नाही.